दारं धरताना

अरावानच्या वरच्या पाटावर एकवीस वर्षं
मी पाणी वाटतोय.
आमच्याकडे अशा माणसाला मिराब म्हणतात.
फावडं, गमबूट, एक वही.
वहीत नावं आणि तास:
मामासालीला दोन, त्याच्या बहिणीला दीड,
शाळेच्या जर्दाळूंना शुक्रवारची रात्र.
कुणाचं पाणी कुठे शिरलंय
हे मला अंधारात, नुसत्या आवाजावरून कळतं.

तुझं नाही कळलं.

तू नऊ दिवसांची. दूध ओढताना घामेजायचीस,
ओठ पिकल्या तुतीच्या रंगाचे.
माझी आई म्हणाली, थंडी आहे, गुंडाळा.
कालीचा म्हणाली, थंडी नाही.
एवढंच म्हणाली
आणि तुला घेऊन, पायात जोडे सरकवून, दारात उभी राहिली.

ओशच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई
पडद्याकडे बघत बराच वेळ गप्प होत्या.
मग औषधाचं खोकं फाडून त्याच्या पाठीवर
त्यांनी चार खोल्या काढल्या.
फुफ्फुसांकडून येणाऱ्या चार शिरा
उघडायच्या डावीकडे;
तुझ्या चारी एका दांडात मिळून
वळल्या होत्या उजवीकडे.
ताजं पाणी पुन्हा वापरलेल्या पाण्यात.
मी विचारलं, मग डाव्या अंगाला काय मिळतं?
ही जगतेय कशी?

त्यांनी पेन्सिल मधल्या भिंतीवर टेकवली.
"इथे भोक आहे. जन्मानंतर बुजतं ते, बहुतेकांचं.
हिचं बुजलं असतं
तर तुम्ही इथवर पोचला नसता."

एका उन्हाळ्यात हालमिर्झाच्या बांधाला
घुशीनं बीळ पाडलं होतं.
मी गवत नि चिखल कोंबून ते बुजवलं,
वर दंडही लिहिला वहीत, लाल शाईनं.
ऑगस्टात खालच्या अंगाचं तुतीचं झाड वाळलं.
ते कुणाच्याच यादीत नव्हतं.
हालमिर्झा काही बोलला नाही.
सरपण तेवढं घेऊन गेला.

बिश्केकला निघालो चुलतभावाच्या गाडीतून,
कालीचाच्या पायांशी ऑक्सिजनचं नळकांडं.
तो-आशूच्या खिंडीत हवा आधीच विरळ,
त्यात बोगद्यात पुढे कोळशाचा ट्रक.
कालीचा तुझे श्वास मोजत होती, मोठ्यानं,
अठ्ठावन्न, एकोणसाठ,
आणि पुन्हा एकपासून.
काळजाला घरं पडली, असं आपण सहज म्हणून जातो.
मी त्या बोगद्यात एक घर मागत होतो.
आज तरी बुजवू नकोस, देवा. आजचा दिवस.
कुठला बाप मागतो असं?

सात तास लागले.
त्यांनी चारी वाटा डावीकडे जोडून दिल्या
आणि मगच ते भोक शिवलं.
मगच, हे मी दोनदा विचारून घेतलं.
तुझी नखं गुलाबी झालेली बघून
कालीचा जिन्यात बसून जेवली,
दोन दिवसांनी पहिल्यांदा.

आता तू अकरा वर्षांची.
डाव्या बाजूची एक झडप पुरती मिटत नाही.
ती बहुधा जन्मापासूनच तशी, म्हणतात;
तेव्हा मोठ्या दुखण्यापुढे तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.
दर वसंतात तपासणी.
या खेपेला डॉक्टरांनी नळी माझ्या कानात घातली.
ठोका. आणि ठोक्यामागून
बारीक, लांबट फुसकार.
मी म्हणालो, फळी खाचेत बसत नाहीये.
ते हसले. म्हणाले, तसंच काहीसं.
अजून थांबता येईल. बघत राहू.

रात्रीच्या पाळीला तू हट्टानं येतेस.
कंदील तुझ्या हातात, वहीसुद्धा,
माझ्या अक्षराला नावं ठेवत.
वरच्या मोरीची चढण लागते
आणि माझ्या मागचा उजेड हलायचा थांबतो.
मी वळून बघत नाही.
बांधावर बसतो, बूट काढतो,
उलटा करून झटकतो,
आत खडा असल्यासारखा.

पाणी चाललेलं असतं.
थोड्या वेळानं उजेड हलतो.
"निघाला का खडा?" तू विचारतेस.
निघाला, मी म्हणतो.